हुंकाराचं गाव

नृसिंहाची वेळ संध्याकाळची. दिवस संपला म्हणावा तर पश्चिमेला तांबूस उजेड रेंगाळतोय, रात्र झाली म्हणावी तर समईची ज्योत अजून त्या उजेडापुढं फिकी पडतेय, अशा अधल्यामधल्या घटकेला खांब दुभंगला आणि जे बाहेर आलं ते ना पुरतं माणूस होतं ना पुरतं जनावर. ते घरात शिरलं नाही, अंगणात उतरलं नाही, मधोमध उंबरठ्यावर बसलं आणि मांडीवर घेऊन त्यानं जे करायचं ते केलं. लहानपणी ही गोष्ट ऐकताना भीती वाटायची ती नखांची. वय वाढत गेलं तशी नखं विसरले. उंबरठा तेवढा लक्षात राहिला.

पोखर्णी हे त्या देवाचं गाव. परभणीहून गंगाखेडकडं निघालेली गाडी इथं घटकाभर टेकते, चार-दोन माणसं उतरतात, पिशव्या खांद्याला लावून देवळाकडं नाहीतर शिवाराकडं चालू लागतात, आणि गाडी निघून गेल्यावर रुळांवरून जी शांतता परत येते ती काळ्या मातीच्या वासाची असते. स्टेशनाच्या पाटीवर गावाच्या नावाला चिकटून देवाचंही नाव आहे. वैशाखातल्या शुद्ध चतुर्दशीला, नृसिंह जयंतीला, उन्हानं जमिनीला भेगा पडलेल्या असतात आणि त्या भेगा ओलांडत अनवाणी पावलं देवळाच्या दिशेनं येत राहतात. जुन्या दगडांचा गारवा, तेलाचा ओशट वास, घंटेच्या टोलामागं रेंगाळणारी गुणगुण, असं सगळं अंगाला लागतं. त्या गारव्यात उभं राहिलं की वाटतं, इथं बोललेलं काहीही वाया जात नसावं. दगड ते ऐकून ठेवत असतील.

मला लेखनाचाही विचार या उंबरठ्यावरूनच करायची सवय लागली आहे. माणूस एकटा बसून लिहितो, तोवर ती ओळ घरातली असते, पदराआडची. पुस्तक छापलं, दुकानात गेलं, की ती अंगणात उतरते, येणाऱ्या-जाणाऱ्याची होते. पण या दोहोंच्या मध्ये एक क्षण असतो. लिहिणारा चार माणसांपुढं उभा राहतो, घसा खाकरतो, कागद थरथरू नये म्हणून दोन्ही हातांनी धरतो आणि पहिला शब्द उच्चारतो. त्या क्षणी ती ओळ धड त्याची राहिलेली नसते, धड ऐकणाऱ्यांची झालेली नसते. आवाज ओठांतून सुटलेला असतो, कानांत पोचायचा असतो.

तेवढ्या अंतरात खांब दुभंगतो. किंवा दुभंगत नाही.

आमच्या घराला ढाळज होती. जाड मातीच्या भिंती, वर माळवद, दोन्ही बाजूंना बसायला ओटे आणि मधून बैलही जाईल एवढी वाट. उन्हाळ्यात ती गार, पावसाळ्यात कोरडी. पाहुणा तिथंच टेकायचा, भांडण तिथंच मिटायचं, आणि श्रावण लागला की पोथीही तिथंच लागायची. कधी ‘हरिविजय’, कधी ‘पांडवप्रताप’. कंदिलाची काच राखेनं पुसून लख्ख केलेली, लाल फडक्यातून पोथी सोडवताना येणारा जुन्या कागदाचा आणि कापराचा वास, बाहेर पागोळ्यांची एकसुरी टपटप, आणि वाचणाऱ्याचा आवाज ओवीच्या तिसऱ्या चरणावर चढून चौथ्यावर असा अलगद उतरायचा की अक्षर न येणाऱ्या बायासुद्धा पुढच्या ओवीची वाट पाहत मान पुढं करायच्या. एक जण वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा. अर्थ सांगणारा चुकला तर ओट्यावरून कुणीतरी म्हातारं माणूस त्याला तिथल्या तिथं थांबवायचं. पोथी देवाची असली तरी वाचणाऱ्याला सवलत नव्हती.

आणि हुंकार.

आजी गोष्ट सांगायची तेव्हा तिची एकच अट असे: ऐकणाऱ्यानं ‘हं’ म्हणत राहिलं पाहिजे. ‘हं’ थांबलं की ती गोष्ट थांबवायची. ‘हुंकार दे गं, न्हाईतर गोष्ट वाट चुकती,’ म्हणायची. झोप अनावर व्हायची, पापण्या जड व्हायच्या, राजा जंगलात एकटा उभा असायचा, आणि त्याला घरी आणायची सगळी जबाबदारी माझ्या त्या पेंगुळलेल्या ‘हं’वर असायची. सांगणारी आणि ऐकणारी अशा दोघी मिळून ती गोष्ट ओढत नेत होतो, हे तेव्हा कळत नव्हतं. हुंकार म्हणजे होकार नव्हे. ‘मी जागी आहे, तू पुढं चल,’ एवढंच त्यात असतं. लिहिणाऱ्याला जगाकडून याहून जास्त काय हवं असतं, हे मला अजून सांगता येत नाही.

माझी भाची दूरच्या एका शहरात विद्यापीठात मराठी घेऊन शिकते. तिच्या अभ्यासक्रमात सर्जनशील लेखन हाही विषय आहे. मला आधी हसू आलं. कविता लिहायलाही तास असतो? त्याला हजेरी असते, गुण असतात? पण ती सांगत गेली आणि माझं हसू मावळत गेलं. एक जण आपलं लिहिलेलं वाचतो, बाकीचे ऐकतात, मग त्यावर बोलतात. आणि ते बोलत असताना लिहिणाऱ्यानं गप्प बसायचं. आपल्या ओळीची बाजू घ्यायची नाही. वर्षातून काही वेळा विभागाच्या सभागृहात जाहीर वाचन. तेव्हा बाहेरची माणसंही येतात, फळ्यावर रंगीत खडूनं नावं लिहिली जातात, माईक दोनदा टिचकी मारून तपासला जातो, टेबलावर कुणीतरी झेंडूची फुलं ठेवतं.

‘आत्या,’ ती फोनवर म्हणाली, ‘तिथं समदे लई चांगलं वाचायलेत.’ आणि मग पुष्कळ वेळ काहीच बोलली नाही. तिच्या कवितेत पाणी होतं. पोखर्णीच्या शिवारातलं, जूनमध्ये हुलकावणी देणारं आणि सप्टेंबरात सगळं धुऊन नेणारं पाणी. ते तिच्या तोंडून तिच्या आजीसारखं ‘पानी’ होऊन आलं, आणि मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. पुढच्या वाचनाला तिनं आपला कागद एका स्वच्छ उच्चाराच्या मैत्रिणीच्या हातात दिला. मैत्रिणीनं छान वाचलं. टाळ्या पडल्या. माझी भाची खुर्चीत बसून आपलीच कविता दुसरीच्या गळ्यातून ऐकत होती.

तिची ती शांतता मला फोनमधूनही ऐकू आली.

पृथ्वीच्या पाठीवर लेखन शिकवणारं एक प्रसिद्ध ठिकाण आहे, अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात. लेखकांची ती कार्यशाळा 1936 पासून चालू आहे. पुढं बरीच वर्षं ती पॉल एंगल नावाच्या कवीनं चालवली. हा एंगल त्याच मुलुखातला, घोड्यांचा व्यवसाय करणाऱ्या घरातला. मला त्या जागेची ओढ वाटते ती तिथल्या शिवारामुळं. तिथली माती काळी आहे. तिथं क्षितिजापर्यंत मका आणि सोयाबीन उभं असतं. आमच्याकडं खरिपात परभणीपासून गंगाखेडपर्यंत सोयाबीनचा जो पिवळा पडत जाणारा पसारा दिसतो, त्याचाच कुठल्यातरी दूरच्या भावकीतला तो पसारा असणार. अशा पिकापाण्याच्या मुलुखाच्या मध्यभागी माणसं जमतात आणि एकमेकांना कथा वाचून दाखवतात, ही कल्पना मला फार आपली वाटते.

1945 च्या सुमारास तिथं एक तरुण मुलगी आली. जॉर्जियाची, दक्षिणेकडची. तिचे उच्चार इतके गावचे होते की ती काय म्हणते हे एंगलला कळेचना. दोन-तीनदा विचारूनही कळलं नाही, तेव्हा त्यानं तिच्यापुढं कागद सरकवला आणि लिहायला सांगितलं. तिनं आपलं नाव लिहिलं आणि कार्यशाळेत येऊ का म्हणून विचारलं. फ्लॅनरी ओकॉनर तिचं नाव. आज तिच्या कथा जगभर वाचल्या जातात, आणि त्या ज्या बोलण्यानं उभ्या राहिल्या आहेत ते तिच्या गावचंच बोलणं आहे. ज्या जिभेमुळं दारात अडली, तीच जीभ तिची शिदोरी होती.

एंगलनं 1967 मध्ये ह्वालिंग नीए या चिनी लेखिकेच्या साथीनं जगभरच्या लेखकांसाठी आणखी एक उपक्रम त्याच गावात सुरू केला. दिलीप चित्रे 1975 मध्ये तिथं गेले. तुकारामाला इंग्रजीत नेण्याचं काम चित्र्यांनी आयुष्यभर केलं. मी डोळे मिटून कल्पना करते: बाहेर मक्याच्या रानावरून वारा येतोय, देशोदेशीचे लिहिणारे एका खोलीत बसलेत, आणि त्या खोलीत कुठंतरी इंद्रायणीकाठच्या माणसाचा श्वासही आहे. ही खोली मला परकी वाटत नाही. तिला फक्त ढाळज नाही.

आणि आपल्याकडं असली कार्यशाळा नव्हती असं कोण म्हणेल? तेरला गोरोबाकाकांच्या अंगणात मंडळी जमली होती. निवृत्तिनाथ होते, ज्ञानदेव होते, सोपान होता, मुक्ताई होती, नामदेव होते. चाकाशेजारी थापटणं पडलेलं. मुक्ताईनं विचारलं, काका, हे काय? काका म्हणाले, यानं मडकं थापटून बघायचं, कच्चं की पक्कं. मग आमचीही बघा की, असं त्या पोरीनं म्हटलं, आणि काका उठून एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले. बाकीचे निवांत बसून राहिले. नामदेव चिडले. आणि काकांनी निकाल दिला, हे मडकं कच्चं आहे.

ही गोष्ट नम्रतेच्या धड्यासाठी सांगतात. मला मात्र तिच्यात नामदेवांचा तो चेहरा दिसतो. ज्याच्या कीर्तनात देव डोलतो असं लोक म्हणत, त्याला चारचौघांत कच्चा ठरवलं गेलं. अपमानानं कानशिलं तापलेली, घशाला कोरड, आणि पंढरपूरच्या वाटेवर चालताना प्रत्येक पावलागणिक डोक्यात वाजणारा त्या थापटण्याचा आवाज. नामदेवांनी लिहिणं सोडलं नाही. औंढ्याला नागनाथाच्या देवळात विसोबा खेचरांच्या पायाशी ते गेले, आणि पुढं त्यांचा अभंग थेट पंजाबात पोचला. औंढा काय, ज्याला परंपरा नामदेवांचं गाव म्हणते ते नरसी काय, 1999 मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सगळा आमचाच परभणी जिल्हा. त्या थापटण्याचा आवाज आमच्या मातीत मुरलेला आहे.

पोखर्णीहून तीच गाडी पुढं नेली की गोदावरीचं रुंद पात्र लागतं, आणि मग गंगाखेड लागतं, जनाबाईचं गाव. लहान वयातच ती पंढरपूरला दामाशेटींच्या घरी गेली, नामदेवांच्या घरची दासी झाली. तिला कुणी लिहायला बसवलं नव्हतं. पहाटेच्या अंधारात जात्याची घरघर सुरू व्हायची, वरच्या पाळीच्या प्रत्येक फेऱ्याला एक श्वास, प्रत्येक श्वासाला एक ओळ, पीठ पडतंय, हात फिरतोय, आणि आवाज त्या घरघरीवर तोल सांभाळत पुढं जातोय. ऐकायला कोण होतं? लोक म्हणतात, विठ्ठल दळू लागायचा. मला वाटतं, तो हुंकार द्यायला यायचा. दिवसभराच्या कष्टांनी मोडलेल्या बाईला कुणीतरी ‘हं’ म्हणणारं हवं होतं, आणि साऱ्या जगात तेवढ्या पहाटे जागं असलेलं दुसरं कोणी नव्हतं.

जिथं कुणी जागं नसतं तिथं माणसं एकटीच लिहितात आणि एकटीच विझतात. बी. रघुनाथ या नावानं लिहिणारे भगवान रघुनाथ कुलकर्णी परभणीत सरकारी बांधकाम खात्यात कारकुनी करत होते. जन्म 1913 चा, सातोन्याचा. कचेरीत रुक्ष कागद, डोक्यावर निजामी राजवट, घरी ओढगस्त. आणि त्या सगळ्यातून कविता, कथा, कादंबऱ्या. 7 सप्टेंबर 1953 ला, चाळिशीतच, ते गेले. त्यांच्या गावाला तेव्हा ना विद्यापीठ होतं ना लेखनाचा वर्ग. आज परभणीत त्यांच्या नावाचं सभागृह आहे, तिथं कार्यक्रम होतात, खुर्च्या भरतात. रिकाम्या सभागृहात एकदा उगाच डोकावले होते. दुपारच्या उन्हाची एक तिरीप मंचावर पडली होती, आणि मनात आलं की हे सगळे कान त्या माणसाला जिवंतपणी मिळाले असते तर त्यानं आणखी काय काय म्हटलं असतं.

पुण्यात मात्र 1923 मध्येच काही कवी एकत्र आले, त्यांनी आपल्या मेळाव्याला रविकिरण मंडळ म्हटलं. चहाच्या पेल्यांवर एकमेकांना कविता म्हणून दाखवायच्या, चिरफाड करायची, मग सभांतून गायच्या. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश यांचा तो वर्गच होता. फक्त परीक्षा नव्हती. त्यांच्यामागून विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगांवकर हे तिघं गावोगावी काव्यवाचनं करत हिंडले आणि तिकीट काढून कविता ऐकता येते ही सवय महाराष्ट्राला लागली. आमच्या परभणीत पुढं इंद्रजित भालेरावांनी ‘पीकपाणी’तली रानाची बोली मंचावर उभी केली. तेव्हा समोर बसलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांना पहिल्यांदा कळलं असेल की आपल्या आईच्या तोंडचे शब्द माईकवरूनही तसेच येऊ शकतात. कुणी हसत नाही. हसलं तरी ते ओळखीचं हसू असतं.

आणि 1995 चं परभणीचं साहित्य संमेलन. अध्यक्ष होते नारायण सुर्वे. मुंबईच्या रस्त्यावर सापडलेलं मूल, गिरणी कामगारानं वाढवलेलं, शाळेत शिपाई आणि मग शिक्षक झालेला माणूस. त्यांच्या 1966 च्या कवितासंग्रहाचं नाव ‘माझे विद्यापीठ’. मी त्या मांडवात होते, खूप मागं, धुळीत. मंचावरचा माणूस बोटाएवढा दिसत होता. पण आवाज येत होता, मांडवाच्या कनातींना अडत नव्हता, आणि माझ्या शेजारी बसलेला धोतरातला एक म्हातारा प्रत्येक वाक्याच्या शेवटी मान खाली घालून पुटपुटत होता, हं. हं. हं. कुणाला ऐकू जावं म्हणून तो ते म्हणत नव्हता.

त्याच्या हुंकारात मला माझी ढाळज ऐकू आली.

यंदा ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत भाची गावी आली होती. दिवसभर रानात, रात्री ढाळजेत. वीज गेली म्हणून वहिनीनं कंदील लावला, आणि मग उगाचच मी म्हटलं, वाच की गं तुझं काहीतरी. ती लाजली. मग आतून वही घेऊन आली. ओट्यावर वहिनी, शेजारची काकू, अंगणातून परतलेला भाऊ, पायाशी झोपेला आलेलं एक लेकरू. बाहेर टिपूर चांदणं, कडब्याच्या पेंढ्यांवरून येणारा कोरडा गोडसर वास, दूर कुठंतरी गाडीची शिट्टी. तिनं वाचायला सुरुवात केली. आधी विद्यापीठातल्या आवाजात, तोलून-मापून. मग हळूहळू कधी तो आवाज गळून पडला तिलाही कळलं नाही, आणि ‘पाणी’चं ‘पानी’ होऊन सगळ्या ढाळजेत पसरलं.

काढणीची एक कविता होती. तिच्यात बाया विळ्यानं ज्वारी कापत होत्या, पात्याच्या चमकण्याला चंद्रकोरीची सोबत होती. वर्गात या ओळीची वाहवा झाली होती म्हणे. ढाळजेत वहिनी हुंकार देत होती, ती त्या ओळीवर थांबली.

‘कापली व्हय?’ तिनं विचारलं. ‘आपली ज्वारी कापीत असत्यात का गं? उपटावी लागती. दोन्ही हातानं धरून, मुळासकट. तुह्या वळीत हाताला फोड कुठं आलेत?’

कुणीच काही बोललं नाही. कंदिलाची वात जराशी फरफरली. वहिनीचे हात तिच्या मांडीवर उताणे पडले होते, आणि त्या दिवसाचे ताजे फोड उजेडात दिसत होते. माझी भाची त्या हातांकडं बघत राहिली. नामदेवांसारखे तिचे कान तापले असतील. पण ती रागावली नाही. पेन्सिलीनं तिनं वहीत एक शब्द खोडला आणि दुसरा लिहिला. मात्रा मोजल्या तर दोन्ही शब्द सारखेच, पाच-पाच. चंद्रकोर मात्र आपोआप गेली. तिला तिथं आता काही काम उरलं नव्हतं.

वहिनी शाळेत फारशी गेलेली नाही. पण त्या रात्री ढाळजेत थापटणं तिच्या हातात होतं.

भाची परत गेली. विद्यापीठातल्या पुढच्या वाचनाला तिनं आपला कागद कुणाच्या हातात दिला नाही. स्वतः उभी राहिली, स्वतःच्या तोंडानं कविता वाचली. कुणी हसलं का, मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. कार्यक्रम संपल्यावर पुण्यात वाढलेला एक वर्गमित्र जवळ आला आणि ज्वारी खरंच उपटतात का म्हणून विचारू लागला, एवढं तिनं हसत सांगितलं. त्याला ती एका सुट्टीत इकडं घेऊन येणार आहे. ऐन काढणीतच ये म्हणावं, मी म्हटलं.

लिहिणं शिकवता येतं का, यावर पुष्कळ वाद आहेत. मला त्या वादात रस नाही. वर्गात ती जे शिकली ते खोटं नव्हतं: गप्प बसून ऐकून घेणं, ओळीचा मोह सोडणं, दुसऱ्याचं लिहिणं आपल्यासारखंच जपून हाताळणं, हे तिला तिथंच मिळालं. ते शिकली नसती तर त्या रात्री ढाळजेत ती आईवर रुसून वही मिटून आत गेली असती. पण वर्गाला ज्वारीचं मूळ दिसलं नव्हतं. परभणीत 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे. ‘परभणी मोती’ हे रब्बी ज्वारीचं वाण त्यांनीच दिलं. कुठलंही वाण विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर कितीही तरारून आलं तरी शेतकऱ्याच्या रानात, त्याच्या पावसात आणि त्याच्या कोरडीत, त्याची परीक्षा होतेच. कवितेचंही तसंच व्हावं, एवढंच माझं म्हणणं आहे. सभागृहात वाचावी, तशी ओट्यावरही वाचावी.

म्हणून विद्यापीठांतल्या भाषा विभागांना माझी विनंती आहे की वर्षातलं एक तरी जाहीर वाचन त्यांनी सभागृहाबाहेर, एखाद्या गावात घ्यावं. देवळाच्या मंडपात, शाळेच्या पटांगणात, जिथं समोर बसलेल्यांना कवितेचे नियम माहीत नसतील पण काम माहीत असेल. मुलांना त्यांच्या घरच्या उच्चारांत वाचू द्यावं आणि हसणाऱ्याला शांतपणे बाहेरचा रस्ता दाखवावा. आणि तुम्हाला, हे वाचणाऱ्या तुम्हाला, एवढंच सांगायचं आहे. तुमच्या घरात, गल्लीत, गावात कुणीतरी वहीत काहीतरी लिहून लपवत असणार. त्याला एकदा मोठ्यानं वाचायला लावा. ऐकताना हुंकार द्या. आणि मडकं कच्चं वाटलं तर तेही तोंडावर सांगा.